बारा जोड्यांचा डीएनए आणि उपेक्षित आरएनए : एका प्रतिकृती-संचाचे परीक्षण

उच्च माध्यमिक वर्गांना न्यूक्लिक आम्ले, म्हणजे पेशीतील आनुवंशिक माहितीचे डीएनए आणि आरएनए हे रेणू, शिकवण्यासाठी विकला जाणारा प्लॅस्टिकचा एक प्रतिकृती-संच मी गेल्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी बडोद्यात, रावपुऱ्यातील शालेय प्रयोगसाहित्याच्या एका दुकानातून, १८५० रुपयांना घेतला. दांडिया बाजारातील आमच्या घरी अकरावी-बारावीची मुले जीवशास्त्र शिकायला येतात. त्यांतली काही गुजराती माध्यमाची, काही इंग्रजी माध्यमाची असली तरी घरी मराठी बोलणारी बरीच आहेत, आणि वर्षभर हा संच त्यांच्याच हाती राहिला. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशाच घडणीचे संच निरनिराळ्या नावांनी विकले जातात आणि माझे म्हणणे एखाद्या कंपनीविषयी नसून या घडणीविषयी आहे. संचाच्या खोक्यावर ‘डीएनए व आरएनए’ असे दोन्ही शब्द सारख्याच ठळक अक्षरांत छापलेले आहेत. त्यातील पहिल्या शब्दाला हा संच बराचसा जागतो, दुसऱ्याला मुळीच जागत नाही, हे आधीच सांगून टाकते.

अशा वस्तूची पारख कोणत्या कसोटीवर करावी, हे ठरवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. शोभेची प्रतिकृती हवी असेल तर रंग उजळ आणि तळ भक्कम असला की पुरे. परंतु न्यूक्लिक आम्लांच्या बाबतीत रचना आणि कार्य ही दोन प्रकरणे वेगळी नाहीतच. रेणूची घडण तशी आहे म्हणूनच पेशीत तो ते काम करू शकतो. म्हणून मी एवढेच पाहते, की तुकडे जोडताना मुलाच्या बोटांना एखादी गोष्ट अशीच का जोडता येते आणि तशी का येत नाही हे कळते की नाही, आणि त्या अडण्यातून पेशीतल्या एखाद्या घटनेचा उलगडा होतो की नाही.

संचात चार रंगांचे बेस (माहितीची जणू चार अक्षरे), पांढऱ्या पंचकोनी शर्करा, लाल फॉस्फेट, एक स्टँड आणि चार पानांची सूचनापत्रिका असते. बारा जोड्यांचे द्विसर्पिल, म्हणजे पीळ दिलेल्या शिडीसारखी दुहेरी साखळी, उभे करता येईल एवढे तुकडे डीएनएसाठी असून आरएनएसाठी युरॅसिल या पाचव्या बेसचे सहा तुकडे एका वेगळ्या पिशवीत दिलेले आहेत. आमच्या खोक्यात ती पिशवी नव्हती, दुकानदाराने ती नंतर मागवून दिली. ॲडेनीन आणि ग्वानीन हे दोन वलयांचे म्हणून लांब, थायमीन आणि सायटोसीन एकाच वलयाचे म्हणून आखूड, हे प्रमाण तुकड्यांत नीट पाळलेले आहे. दोन लांब तुकडे समोरासमोर ठेवले तर दोन्ही साखळ्यांमध्ये ते मावत नाहीत, दोन आखूड ठेवले तर मध्ये पोकळी राहते. एक लांब आणि एक आखूड घेतला तरी काम भागत नाही, कारण ॲडेनीन-थायमीन यांच्या कडांना दोन आणि ग्वानीन-सायटोसीन यांच्या कडांना तीन खुंट्या दिलेल्या आहेत, त्यामुळे ॲडेनीन आणि सायटोसीन यांची लांबी जुळली तरी खुंट्या खाचेत बसत नाहीत. म्हणजे रुंदीची अट वेगळी आणि हायड्रोजन बंधांची (खुंट्या दाखवतात त्या, दोन बेसना धरून ठेवणाऱ्या सैल दुव्यांची) अट वेगळी, आणि दोन्ही एकदम पाळल्या तरच जोडी होते, ही गोष्ट पाठ न करता मुलांना हातांनी कळते. बारावीतल्या एका मुलीने बराच वेळ ग्वानीन आणि थायमीन बसवण्याची खटपट करून शेवटी ‘काकू, हे होणारच नाही’ असे जाहीर केले, तेव्हा संचाने आपले निम्मे काम केले असे मला वाटले. (तिचे हे विधान आरएनएला कितपत लागू पडते, ते पुढे येईलच.)

याच ठिकाणी इतिहासाची थोडी आठवण व्हावी. एर्विन शारगाफ यांनी १९५० च्या सुमारास निरनिराळ्या जीवांचे डीएनए तपासून दाखवले, की ॲडेनीनचे प्रमाण थायमीनइतके आणि ग्वानीनचे सायटोसीनइतके असते. मात्र हे आकडे का जुळतात याचा उलगडा १९५३ मध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी द्विसर्पिलाची रचना मांडली तेव्हाच झाला. ती रचनाही प्रतिकृती जोडूनच हाती आली होती. वॉटसन बेसचे पुठ्ठ्याचे आकार कापून जुळवत होते, आणि त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत बेसवरील हायड्रोजनच्या जागा चुकीच्या दाखवल्या आहेत हे जेरी डोनह्यू यांनी निदर्शनास आणून दिल्यावर ते आकार एकाएकी जुळले. बेसच्या कडेवरील एका हायड्रोजनची जागा चुकली तर सगळी जुळणी कोसळते, हे ज्याला माहीत आहे तो प्रतिकृतीतल्या खुंट्यांकडे खेळणे म्हणून पाहणार नाही. ग्वानीन-सायटोसीनमधील तिसरा बंध वॉटसन-क्रिक यांच्या मूळ लेखात ठामपणे दाखवलेला नव्हता, तो १९५६ मध्ये पॉलिंग आणि कोरी यांनी पुढे आणला. संचाने तो योग्य दाखवला आहे. सूचनापत्रिकेत मात्र इतिहास म्हणून वॉटसन-क्रिक एवढी दोनच नावे आहेत. क्ष-किरणांच्या साहाय्याने डीएनएची छायाचित्रे घेऊन फॉस्फेटचा कणा बाहेरच्या बाजूस असला पाहिजे हे ओळखणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन यांचे नाव चार पानांत कोठेही नाही, आणि १८६९ मध्ये जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून हा पदार्थ प्रथम वेगळा काढणाऱ्या फ्रीडरिक मीशर यांचे तर नाहीच नाही.

आणखी एक ऐतिहासिक गंमत या संचात नकळत शिरली आहे. चारही बेसचे तुकडे सारख्याच संख्येने, म्हणजे प्रत्येकी सहा, दिलेले आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फीबस लेव्हीन यांनी नेमके हेच गृहीत धरले होते, की चारही घटक समप्रमाणात एकामागून एक येतात. रेणू असा एकसुरी असेल तर त्यात आनुवंशिक माहिती साठवली जाणे शक्य नाही, अशी समजूत त्यामुळे दीर्घकाळ टिकून राहिली. शारगाफ यांनी मोडीत काढलेली ही कल्पना खोक्यातल्या पिशव्या मोजताना मुलांच्या मनात पुन्हा रुजते. मानवी डीएनएत ॲडेनीन आणि थायमीन मिळून सुमारे ६० टक्के आणि ग्वानीन आणि सायटोसीन मिळून सुमारे ४० टक्के असतात, हे शिक्षकाने सांगितले नाही तर संच ते सांगणार नाही. प्रत्येक बेसचे दोन-तीन जादा तुकडे दिले असते तरी ही अडचण राहिली नसती.

कण्याची, म्हणजे शर्करा-फॉस्फेटच्या साखळीची, घडण ही या संचाची सर्वांत जमेची बाजू आहे. शर्करेच्या पंचकोनाला दोन निराळ्या जागी निराळ्या आकाराच्या खाचा आहेत, त्यामुळे फॉस्फेट एका बाजूने पाचव्या कार्बनला आणि दुसऱ्या बाजूने तिसऱ्या कार्बनलाच जोडता येतो, आणि साखळीला आपोआप दिशा येते. दुसरी साखळी पहिलीच्या समोर आणताना ती उलटी धरली तरच बेसच्या खुंट्या समोरासमोर येतात. दोन्ही साखळ्या एकाच दिशेने उभ्या करण्याचा प्रयत्न मुले हटकून करतात आणि हटकून अडतात. या अडण्याचे मोल मोठे आहे, कारण डीएनएचे द्विगुणन, म्हणजे एकाचे दोन होणे, समजण्याची किल्ली येथे आहे. डीएनए पॉलिमरेज हा विकर (पेशीतील क्रिया घडवून आणणारा रेणू) नवी साखळी तिच्या तीन-प्राइम, म्हणजे तिसऱ्या कार्बनच्या, टोकालाच वाढवू शकतो. म्हणून उलगडत जाणाऱ्या दोन साखळ्यांपैकी एकीवर काम सलग चालते आणि दुसरीवर ते तुकड्यातुकड्यांनी करावे लागते. जीवाणूंत सुमारे १००० ते २००० न्यूक्लिओटाइडांचे (बेस, शर्करा आणि फॉस्फेट मिळून एक न्यूक्लिओटाइड), तर आपल्यासारख्या दृश्यकेंद्रकी, म्हणजे पेशीत केंद्रक असणाऱ्या, जीवांत १०० ते २०० न्यूक्लिओटाइडांचे असणारे हे तुकडे जपानमधील रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने शोधले. पुस्तकातील आकृतीवरून हा भाग शिकवताना वर्गाचे चेहरे कोरे राहतात, असा माझा अनुभव आहे. प्रतिकृती हातात असली की प्रश्न मुलांकडूनच येतो, की दुसऱ्या बाजूला विकर उलटा कसा चालणार?

बंधांच्या बळाचा विचारही उत्पादकाने केलेला दिसतो. शर्करा आणि फॉस्फेट यांचा सांधा घट्ट बसतो आणि बेसमधील खुंट्या सैल आहेत, त्यामुळे दोन्ही साखळ्या हलकेच ओढल्या तर मधून उलगडतात पण कणा तुटत नाही. पेशीबाहेर, डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पीसीआर तंत्रात डीएनए सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात तेव्हा हेच घडते. पेशीत मात्र एवढी उष्णता परवडणारी नाही, तेथे हेलिकेज हा विकर ऊर्जा खर्च करून साखळ्या सोडवतो. तीन खुंट्यांची जोडी सोडवायला दोन खुंट्यांच्या जोडीपेक्षा अधिक जोर लागतो, हेही हाताला जाणवते. वर्षाअखेरीस आमच्याकडील काही शर्करांच्या खाचा झिजून कणाच खुंट्यांपेक्षा आधी सुटू लागला आहे. प्लॅस्टिकचा दर्जा पाहता दोन वर्गांच्या वापरानंतर हे सर्वत्र होईल असे वाटते. दोन रंगांच्या शर्करा दिल्या असत्या तर जुनी साखळी आणि नवी साखळी वेगळी ओळखून प्रत्येक नव्या डीएनएत एक साखळी जुनी असते हे दाखवणारा १९५८ चा मेसेलसन आणि स्टाल यांचा प्रयोगही मांडता आला असता. आम्ही जुन्या साखळीच्या शर्करांवर निळ्या मार्करने ठिपके दिले आणि काम भागवले.

आता उणिवांकडे वळते. पहिली उणीव दिसायला लहान आणि परिणामाने मोठी आहे. प्रत्यक्ष बी-डीएनएत, म्हणजे डीएनएच्या नेहमीच्या रूपात, बेसच्या जोडीला दोन्ही शर्करा अगदी समोरासमोरच्या टोकांना जोडलेल्या नसतात, त्या जोडीच्या एका कडेकडे झुकलेल्या असतात. परिणामी सर्पिलाभोवती दोन खोबणी तयार होतात, एक सुमारे २.२ नॅनोमीटर रुंद आणि दुसरी सुमारे १.२ नॅनोमीटर. या संचात शर्करा नेमक्या समोरासमोर आहेत, म्हणून दोन्ही खोबणी सारख्याच रुंदीच्या होतात. कोणी म्हणेल, एवढ्याने काय बिघडते? बिघडते असे, की जनुके केव्हा चालू आणि केव्हा बंद करायची हे ठरवणारी कितीतरी प्रथिने रुंद खोबणीत शिरून, साखळ्या न उलगडता, बेसच्या कडा बाहेरूनच वाचतात. रुंद खोबणीत चारही प्रकारच्या जोड्यांच्या कडा एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात, तर अरुंद खोबणीत ॲडेनीन-थायमीन आणि थायमीन-ॲडेनीन यांतील फरक करणे कठीण होते. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए तेच असूनही दोन्हींची कामे इतकी भिन्न का, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या खोबणीत दडलेला आहे, आणि संचाने तोच गुळगुळीत करून टाकला आहे. साच्यातला एक कोन बदलला असता तर हे टळले असते. त्यासाठी खर्च वाढण्याचे काही कारण मला दिसत नाही.

पिळाची दिशा प्रतिकृतीत बरोबर, म्हणजे उजवी, आहे. साधा स्क्रू शेजारी धरून पाहिला की खात्री पटते. पण त्याच खोक्यावर छापलेले चित्र डावखुरे आहे! छपाईत आरशासारखे उलटे झालेले असे चित्र अनेक ठिकाणी आढळते. डाव्या पिळाचा झेड-डीएनए नावाचा प्रकार १९७९ मध्ये स्फटिकात प्रत्यक्ष दिसला हे खरे, तथापि खोक्यावरील चित्रकाराच्या मनात तो असेल असे मला वाटत नाही.

मापाच्या बाबतीत मात्र संच अनपेक्षितपणे प्रामाणिक निघाला. लागोपाठच्या दोन जोड्यांतील अंतर साधारण ३.४ सेंटीमीटर आणि सर्पिलाचा व्यास साधारण २० सेंटीमीटर भरतो. रेणूत ही मापे अनुक्रमे ०.३४ नॅनोमीटर आणि २ नॅनोमीटर आहेत, म्हणजे प्रतिकृती सुमारे दहा कोटी पटींची आहे. एका वेढ्यात दहा जोड्या येतात. द्रावणातील डीएनएत त्या सुमारे साडेदहा असतात, पण एवढी सूट द्यायला हरकत नाही. एकदा प्रमाण कळले की पुढचा हिशेब मुले स्वतःच करतात. आपल्या एका पेशीतील सर्व डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. या प्रमाणात तो सुमारे दोन लाख किलोमीटर होईल, चंद्राच्या निम्म्या वाटेहून थोडा अधिकच, आणि सुमारे सहा मायक्रोमीटरचे केंद्रक सहाशे मीटर व्यासाचे होईल. एवढी लांबी एवढ्याशा जागेत कशी राहते, हे विचारण्याची हीच वेळ असते. संचातील लाल फॉस्फेटवर ऋण प्रभाराचे चिन्ह उठवलेले आहे, त्याचा उपयोग येथे होतो. ऋण प्रभाराचा हा कणा लायसीन आणि आर्जिनीन या धन प्रभाराच्या अमिनो आम्लांनी समृद्ध असलेल्या हिस्टोन प्रथिनांभोवती लपेटला जातो, आणि आठ हिस्टोनांच्या एका गाभ्याभोवती सुमारे १४७ जोड्या पावणेदोन वेढ्यांहून किंचित कमी गुंडाळल्या जातात. बारा संच विकत घेऊन, म्हणजे २२,२०० रुपये खर्चूनही, त्यातल्या तीन जोड्या कमीच पडतील. शिवाय या घडणीचा सर्पिल वाकतच नाही. या गुंडाळीसाठी, म्हणजे न्यूक्लिओसोमसाठी, आम्ही रबरी नळी वापरली, ती खंडेराव मार्केटजवळ सहज मिळते.

आणखी एक मर्यादा अशा सर्वच संचांची आहे. जोड्या पातळ पट्ट्यांसारख्या असल्यामुळे त्यांच्यात मध्ये बोट घालता येईल एवढी मोकळी जागा दिसते आणि हा सारा डोलारा केवळ हायड्रोजन बंधांवर उभा आहे, असा समज होतो. वास्तविक ०.३४ नॅनोमीटर ही बेसची स्वतःचीच जाडी आहे, जोड्या एकमेकींना चिकटून रचलेल्या असतात, पाण्याला मध्ये वाव नसतो, आणि सर्पिलाच्या स्थैर्यात या रचण्याचा वाटा मोठा आहे. हे तोंडी सांगावे लागते.

संचाचा सर्वांत चांगला उपयोग आम्हाला एका रोगाने शिकवला. सिकलसेल रक्तक्षय बडोद्याला परका नाही. पूर्व आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात त्याचे प्रमाण लक्षणीय आहे आणि तेथील रुग्ण उपचारांसाठी आमच्या शहरात येतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात सहाव्या क्रमांकाच्या त्रिकुटात (एका अमिनो आम्लाची खूण असलेल्या तीन बेसांच्या गटात), आरंभीचे मेथिओनीन न मोजता, जीएजीऐवजी जीटीजी (ही बेसच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे) असे होते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. बारा जोड्या म्हणजे चार त्रिकुटे. आम्ही चौथ्यापासून सातव्यापर्यंतची त्रिकुटे मांडू पाहिली तर ग्वानीन-सायटोसीनची एक जोडी कमी पडली. सहाव्यापासून नवव्यापर्यंतची, म्हणजे जीएजी, जीएजी, एएजी, टीसीटी अशी घेतली तर सहा आणि सहा असा हिशेब नेमका जमतो. हा संच घेणाऱ्या शिक्षकांनी हा क्रम अवश्य लिहून ठेवावा. मग बदल घडवण्यासाठी सहाव्या त्रिकुटातील मधली ॲडेनीन-थायमीनची जोडी काढायची आणि फिरवून परत बसवायची, एवढेच. प्रतिकृती पुन्हा उभी केली तर बाहेरून तिळमात्र फरक दिसत नाही, व्यास तोच, वेढा तोच, खुंट्याही तेवढ्याच. रेणू म्हणून हा डीएनए निर्दोष असतो, द्विगुणनाची यंत्रणा तो इमानाने उतरवून पुढे देते, आणि दोष प्रकट होतो तो थेट प्रथिनात, जेव्हा प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून तांबड्या पेशीला विळ्याचा आकार देतात. एका जोडीची अदलाबदल आणि एका माणसाचे आयुष्य यांच्यातील अंतर किती थोडे आहे, हे त्या दिवशी खोलीत सर्वांना जाणवले. संचाची किंमत मला तेव्हा महाग वाटली नाही.

येथून आरएनएकडे जायचे, कारण जनुकातील त्रिकूट प्रथिनापर्यंत पोहोचते ते आरएनएमुळेच, आणि नेमक्या या टप्प्यावर संच हात वर करतो. सूचनापत्रिका म्हणते, की डीएनएची एक साखळी काढून घ्या, थायमीनच्या जागी युरॅसिल बसवा, आरएनए तयार. शर्करा तीच! रायबोज आणि डीऑक्सिरायबोज यांतील भेद, जो या दोन रेणूंच्या नावांतच आहे, तो संचात नाही. रायबोजच्या दुसऱ्या कार्बनवरील जास्तीचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी) दाखवण्यासाठी पंचकोनाला एक टोक वाढवणे एवढेच काम होते. तो गट म्हणजे तपशिलाचा कीस नव्हे. तोच शेजारच्या फॉस्फेट बंधावर हल्ला चढवू शकतो, म्हणून अल्कधर्मी द्रावणात आरएनएचे तुकडे होतात आणि डीएनएची साखळी टिकून राहते. पिढ्यान्‌पिढ्या जपायची माहिती डीएनएत का ठेवली जाते आणि काम झाले की मोडून टाकायचे संदेश आरएनएत का लिहिले जातात, याचे रासायनिक कारण त्या एका ऑक्सिजन अणूत आहे. करोनाच्या काळात हा फरक शीतपेट्यांच्या तापमानात सर्वांना दिसला: संदेशवाहक आरएनएवर आधारित एका लसीला आरंभी उणे ७० अंशांच्या आसपासची थंडी लागत होती, तर अहमदाबादच्या झायडस कंपनीने तयार केलेल्या आणि ऑगस्ट २०२१ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मंजुरी मिळालेल्या झायकोव्ह-डी या डीएनए लसीला २ ते ८ अंशांची साधी शीतपेटी पुरत होती. लसीच्या तापमानाला इतरही कारणे असतात, परंतु रेणूचा स्वभाव हे त्यातले एक ठळक कारण आहे.

थायमीन आणि युरॅसिल यांच्या अदलाबदलीचे कारणही पत्रिकेत दिलेले नाही, जणू ती नुसती रंगाची आवड आहे. सायटोसीनमधील अमिनो गट अधूनमधून आपोआप गळून पडतो आणि त्याचा युरॅसिल होतो. डीएनएत मुळात युरॅसिलच वापरला जात असता तर मूळचा कोणता आणि बिघाडाने झालेला कोणता हे दुरुस्ती करणाऱ्या विकरांना ओळखता आले नसते. डीएनएत थायमीन असल्यामुळे युरॅसिल दिसला की तो उपरा आहे हे निश्चित होते आणि तो कापून काढला जातो. अल्पायुषी आरएनएला एवढी काळजी घेण्याचे कारण नाही.

याहून मोठा अपराध आकाराचा आहे. या संचातील प्रत्येक सांधा ३६ अंशांच्या वळणावर पक्का आहे, त्यामुळे आरएनएची साखळी म्हणून जे उभे राहते ते डीएनएचे अर्धे शरीर असते. पेशीतला आरएनए असा ताठ उभा राहत नाही. तो स्वतःवरच दुमडतो, जेथे बेस जुळतात तेथे आखूड सर्पिल आणि जेथे जुळत नाहीत तेथे फासे तयार करतो, आणि या घड्यांतून त्याला काम करणारा आकार येतो. सुमारे ७६ न्यूक्लिओटाइडांचा वाहक आरएनए एका टोकाला अमिनो आम्ल आणि दुसऱ्या टोकाला संदेशातील त्रिकूट ओळखणारे तीन बेस घेऊन इंग्रजी एल अक्षरासारखा दुमडलेला असतो. त्याच्या घड्यांत ग्वानीन आणि युरॅसिल यांची जोडी राजरोस आढळते, आणि त्रिकुटाच्या तिसऱ्या जागी अशीच सवलत चालते म्हणून ६१ अर्थपूर्ण त्रिकुटांसाठी ६१ वाहक लागत नाहीत, हे क्रिक यांनी १९६६ मध्ये मांडले होते. आमच्या विद्यार्थिनीचे ‘होणारच नाही’ येथे येऊन चुकते, पण संच तिला तसेच सांगत राहतो, कारण ग्वानीनच्या तीन खुंट्या युरॅसिलच्या दोन खाचांत बसू शकत नाहीत.

बडोद्यात बसून आरएनएची ही हेळसांड पाहणे मला जरा अधिक बोचले, हे कबूल करते. पेशीत प्रथिने बांधणाऱ्या रायबोझोमच्या अभ्यासासाठी थॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांच्यासह २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे वेंकटरामन रामकृष्णन हे याच शहरात वाढले आणि १९७१ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदार्थविज्ञानाचे पदवीधर झाले. त्यांच्या वडिलांनी त्याच विद्यापीठातील जीवरसायन विभागाची धुरा सांभाळली होती. या शास्त्रज्ञांच्या कामातून दिसले ते असे, की रायबोझोममध्ये अमिनो आम्ले एकमेकांना जोडण्याच्या जागी प्रथिन नसून आरएनए आहे, म्हणजे तेथे विकराचे काम दुमडलेला आरएनएच करतो. संदेश वाहून नेणे हा त्याच्या अनेक व्यवसायांपैकी केवळ एक. जी मुले फतेगंजच्या त्या विद्यापीठासमोरून रोज सायकलने जातात, त्यांच्या हाती आरएनए म्हणून सहा पिवळे तुकडे द्यायचे, हे मला पटत नाही.

उपाय म्हणून आम्ही वाहक आरएनएसाठी जाड तांब्याची तार आणि रंगीत मणी वापरले, हायड्रॉक्सिल गटासाठी शर्करेला तापल्या सुईने भोक पाडून लहान पिन बसवली. तिने काम चांगले होते, मात्र भोक पाडताना पंचकोन चिरण्याचा संभव असतो, म्हणून ते मोठ्यांनीच करावे. ज्या शाळेला केवळ डीएनएची रचना, द्विगुणन आणि उत्परिवर्तन शिकवायचे आहे तिने हा संच घ्यावा, शक्यतो दोन घ्यावेत, कारण एका संचाभोवती सहापेक्षा अधिक मुले बसली की मागच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. आरएनएसाठी म्हणून कोणी घेत असेल तर १८५० रुपये वाचवून तार आणि मणी आणावेत. दुकानदाराकडे सुटे भाग विचारले असता शर्करा आणि फॉस्फेट यांची पाकिटे मागणीनुसार मिळतात असे कळले, बेसची मात्र सुटी मिळत नाहीत. तेव्हा खोके दुकानातच उघडून चारही रंगांचे सहा-सहा तुकडे आणि युरॅसिलची पिशवी मोजून घ्यावी, मगच पैसे द्यावेत.